बोलोन्या : ओसरीचे शहर

रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करून परतणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक पर्यटकांची गाडी बोलोन्याला थांबते, पण ते उतरत नाहीत. आम्ही उतरलो. तीन मायलेकी, आठ दिवस आणि जवळजवळ रोजचा पाऊस. तरीही छत्री फारशी उघडावी लागली नाही!

इटलीला जायचे ठरले तेव्हा आईची पहिली अट होती, ‘मला जिने चढायला लावायचे नाहीत.’ दुसरी अट, ‘मी मांसमच्छी खाणार नाही आणि माझ्यामुळे तुम्ही उपाशी राहायचे नाही.’ आईचे वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. इंदूरच्या शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली. बाबा गेल्यापासून तीन वर्षांत ती इंदूरबाहेर पडली नव्हती. माझी धाकटी बहीण बोलोन्याच्या विद्यापीठात संशोधन करते. ‘आई, या ऑक्टोबरात नाही आलीस तर मीच रुसेन,’ असे तिने फोनवर सांगितले तेव्हा कुठे पासपोर्टचा अर्ज भरला गेला.

निघण्याच्या आदल्या आठवड्यात घरी आणखी एक गोष्ट ठरली होती. आमच्या इंदूरच्या जुन्या घराला रस्त्याच्या बाजूने लांबलचक ओटा आहे, वर पत्र्याची पडवी. बाबा असताना तिथे संध्याकाळी वर्तमानपत्र वाचणारे, पावसात अडकलेली शाळेची मुले, दुपारच्या वेळी टोपली उतरवून टेकणारी भाजीवाली, असे कोणीही बसलेले असे. बाबा गेल्यावर तिथे स्कूटर लागू लागल्या, गुटख्याच्या पुड्या पडू लागल्या. शेवटी दादाने लोखंडी ग्रिल लावून ओटा बंद करायचे ठरवले. आईनेही ‘बरं’ म्हटले. ग्रिलवाल्याला ॲडव्हान्स देऊन आम्ही विमानात बसलो.

हे घरगुती पुराण कशासाठी, ते पुढे कळेलच.

स्टेशनवरचे थांबलेले घड्याळ

मिलानहून वेगवान गाडीने बोलोन्या तासाभरापेक्षा थोडे जास्त, तर फ्लोरेन्सहून चाळीसएक मिनिटे. उत्तर आणि दक्षिण इटलीच्या गाड्या इथेच एकमेकींना भेटतात, त्यामुळे स्टेशनवर अखंड वर्दळ असते. बाहेरच्या भिंतीवरचे एक घड्याळ मात्र दहा वाजून पंचवीस मिनिटांवर थांबलेले आहे. ते बिघडलेले नाही, मुद्दाम तसे ठेवले आहे. २ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी याच वेळी दुसऱ्या वर्गाच्या प्रतीक्षालयात बॉम्बस्फोट झाला. ८५ माणसे मरण पावली, दोनशेहून अधिक जखमी झाली. सुट्टीचे दिवस होते, स्टेशन बायकामुलांनी भरलेले होते. रुग्णवाहिका पुरेनात तेव्हा शहरातल्या बस आणि टॅक्सी धावून आल्या. हे काम अतिउजव्या दहशतवाद्यांचे असल्याचे पुढे न्यायालयात सिद्ध झाले.

धाकटी हे सांगत असताना आई घड्याळाकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘मुंबईच्या गाड्यांत झाले तेव्हाही लोकच धावले होते.’ एवढे बोलून ती बॅग ओढत निघाली.

बाहेर पाऊस लागला होता. मी छत्री शोधू लागले, तर धाकटी हसून म्हणाली, ‘ताई, राहू दे गं. इथे लागत नाही.’

पाऊस बाहेर, आपण आत

आणि खरोखरच लागली नाही. रस्ता ओलांडला की कमानींची रांग सुरू होते. ती संपते तिथे दुसरी, मग तिसरी. वर घरांचे मजले, खाली दुकानांच्या काचा, मध्ये फरसबंद चालण्याची वाट. या छतवाल्या वाटांना इटालियन भाषेत ‘पोर्तिको’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ओसरी! एका घराची नव्हे, अख्ख्या शहराची ओसरी. एकट्या जुन्या शहरात त्यांची लांबी सुमारे ३८ किलोमीटर भरते, उपनगरे धरून ६२. २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

मुंबईच्या वाचकांनी फोर्टमधला दादाभाई नौरोजी रस्ता डोळ्यांसमोर आणावा. तिथे इमारतींखाली जशा कमानी आहेत, तशाच, पण गल्लोगल्ली आणि कितीतरी जुन्या.

या कमानी आल्या कुठून? बोलोन्याचे विद्यापीठ पाश्चात्त्य जगातले सर्वांत जुने मानतात. स्थापनेचे वर्ष १०८८ धरतात. दूरदूरचे विद्यार्थी येऊ लागले, राहायला जागा पुरेना. घरमालकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि ते तोलायला खाली लाकडी खांब दिले. आजच्या भाषेत सांगायचे तर सरळसरळ अतिक्रमण! आपल्याकडे काय होते ते आपण जाणतोच, एक तर हातोडा पडतो, नाही तर दंड भरून प्रकरण मिटते. बोलोन्याच्या नगरसभेने तिसराच मार्ग काढला. १२८८ साली नियम झाला की नव्या घराला पोर्तिको असलाच पाहिजे. वर तुमची खोली काढा, पण खालची जागा येणाऱ्या-जाणाऱ्याची. बांधायची मालकाने, दुरुस्ती करायची मालकाने, चालायचे सगळ्यांनी. उंची किती? घोड्यावर बसलेला माणूस खालून जाऊ शकेल इतकी, म्हणजे सुमारे २ मीटर ६६ सेंटिमीटर.

पुढे आगीच्या भीतीने आणि लाकूड कुजते म्हणून विटांचे आणि दगडी खांब आले. तरी काही लाकडी पोर्तिको टिकून आहेत. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावर काझा इझोलानी नावाचे तेराव्या शतकातले घर आहे. त्याचे ओकच्या लाकडाचे खांब जवळजवळ ९ मीटर उंच आहेत. त्या छतात तीन बाण रुतलेले आहेत अशी आख्यायिका सांगतात आणि ते शोधण्यासाठी पर्यटक माना मोडेपर्यंत वर बघत राहतात. आईला एक बाण दिसला, मला एकही नाही!

‘ही जागा कुणाची म्हणायची मग?’ पहिल्याच संध्याकाळी आईने विचारले.

‘मालकी घरवाल्याची, वापर सगळ्यांचा,’ धाकटी म्हणाली. ‘आमची घरमालकीण रोज सकाळी स्वतः धुते. बघशील तू.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहिलेच. सत्तरीच्या पुढच्या त्या बाई बादली आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन दारापुढच्या दोन कमानींखालची फरशी घासत होत्या. कॉलेजची मुले त्या ओल्या फरशीवरून खुशाल चालत होती. आई दारात उभी राहून बघत होती. भाषा दोघींना एकमेकींची येत नव्हती. आईने फरशीकडे आणि मुलांच्या बुटांकडे बोट दाखवून कपाळावर हात मारला. बाई खळखळून हसल्या आणि इटालियनमध्ये काही बोलल्या. धाकटीने अर्थ सांगितला, ‘पाय उमटतात म्हणूनच रोज धुवायचे. नाही तर कशाला धुवायचे?’

लाल, गुटगुटीत आणि पंडित

बोलोन्याला इटलीत तीन टोपणनावे आहेत: ‘ला रोस्सा’ म्हणजे लाल, ‘ला ग्रास्सा’ म्हणजे गुटगुटीत आणि ‘ला दोत्ता’ म्हणजे पंडित. लाल म्हणजे विटांचा आणि कौलांचा रंग. पुढे डाव्या राजकारणाचाही रंग त्यात मिसळला. गुटगुटीत अर्थातच खाण्यामुळे. पंडित विद्यापीठामुळे.

शहराचा मध्य म्हणजे पियाझ्झा माज्जोरे हा मोठा चौक. तिथे सान पेत्रोनियोचे भव्य चर्च आहे. बांधकाम १३९० साली सुरू झाले आणि दर्शनी भाग आजही अपुरा आहे. खाली गुलाबी-पांढरा संगमरवर आणि वर उघड्या विटा. कुणी अर्धी नेसलेली साडी तशीच सोडून उठावे तसे ते दिसते. हे चर्च रोमच्या सेंट पीटरपेक्षा मोठे व्हायला नको म्हणून पोपने बाजूची जागा विद्यापीठाच्या इमारतीला देऊन वाढ रोखली, असे इथले लोक सांगतात. तरीही ते १३२ मीटर लांब आहे. १५३० साली पाचव्या चार्ल्सला पोपने सम्राटपदाचा मुकुट घातला तो इथेच.

आत जमिनीवर एका कडेने पितळी रेघ गेली आहे, ६७ मीटरच्या आसपास लांब. खगोलशास्त्रज्ञ कासिनी याने १६५५ साली ती आखली. छताजवळच्या एका बारीक भोकातून येणारा सूर्याचा कवडसा खऱ्या मध्यान्ही या रेघेवर पडतो आणि वर्षभरात रेघेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. चर्चचेच केले सूर्याचे घड्याळ! आम्ही गेलो तेव्हा आकाश भरून आले होते, कवडसा काही दिसला नाही. भूगोल शिकवलेल्या आईने मात्र रेघेवरच्या राशींच्या खुणा एकेक करून ओळखल्या आणि आम्हा दोघींची उजळणी घेतली.

चौकाच्या दुसऱ्या बाजूला समुद्रदेव नेपच्यूनचे कारंजे आहे. शिल्पकार जांबोलोन्या, काळ १५६० चे दशक. देवाच्या हातातला त्रिशूळ ओळखीचा वाटेल, कारण १९१४ साली याच शहरात सुरू झालेल्या मासेराती मोटारकंपनीने आपले चिन्ह त्यावरून घेतले. जवळच्याच एका कमानदार बोळात गंमत आहे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून दोघांनी उभे राहायचे. एकाने कुजबुजले की ते छताच्या गोलाईवरून दुसऱ्याला कानात सांगितल्यासारखे ऐकू येते. मी कान लावून उभी राहिले. आई काहीतरी मनातले बोलेल असे मला वाटले. भिंतीतून आवाज आला, ‘चहा मिळेल का गं कुठे?’

शेजारच्या आर्किजिन्नाझिओ या इमारतीत १५६३ पासून विद्यापीठ भरत असे. भिंतींवर आणि छतांवर जुन्या विद्यार्थ्यांची हजारो कुलचिन्हे रंगवलेली आहेत. वर १६३७ चे शरीरशास्त्राचे दालन आहे, सगळे लाकडाचे. मध्ये शवविच्छेदनाचे संगमरवरी टेबल, भोवती विद्यार्थ्यांची बाके. १९४४ च्या जानेवारीत दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत हे दालन कोसळले. ढिगाऱ्यातून सापडतील ते लाकडी तुकडे आणि पुतळे वेचून ते पुन्हा होते तसे उभारले गेले. आज पाहताना ते मोडले होते हे सांगूनही खरे वाटत नाही.

याच विद्यापीठाने १७३२ साली लाउरा बास्सी या तरुणीला पदवी दिली आणि पगारी अध्यापकपदही दिले. विद्यापीठात पगार घेऊन शिकवणारी ती युरोपातली पहिली स्त्री मानली जाते. नेहमीच्या वर्गात शिकवण्यावर स्त्री म्हणून बंधने होती. मग तिने मुलांबाळांच्या घरात प्रयोगशाळा मांडून भौतिकशास्त्र शिकवले. ‘म्हणजे घरच्या शिकवण्या,’ आई म्हणाली, ‘आम्हीही केल्या.’

झुकलेले मनोरे

मध्ययुगात बोलोन्यातल्या धनिक घराण्यांना मनोरे बांधण्याचे वेड लागले होते. जितका उंच मनोरा, तितकी घराण्याची ऐट. त्यांतले वीसएक आज उरले आहेत. सर्वांत प्रसिद्ध जोडी म्हणजे आसिनेल्ली आणि गारिसेंडा. पहिला ९७ मीटर उंच, दुसरा ४८ मीटर. गारिसेंडा इतका झुकला आहे की पिसाच्या मनोऱ्याची आठवण यावी. चौदाव्या शतकातच भीतीने त्याची उंची कमी केली होती. दान्तेने आपल्या महाकाव्यात त्याचा उल्लेख केला आहे.

२०२३ च्या ऑक्टोबरात गारिसेंडाच्या हालचाली काळजी करण्यासारख्या वाटल्या. भोवती कुंपण घातले गेले आणि मजबुतीचे काम हाती घेतले गेले. तेव्हापासून शेजारच्या आसिनेल्लीच्या ४९८ पायऱ्याही पर्यटकांना बंद झाल्या. आईला त्याचे मुळीच दुःख झाले नाही! ‘घराण्यांची नावे त्या मनोऱ्यांना राहिली खरी,’ ती म्हणाली, ‘पण उपयोगी कोण पडले? ओसरीच ना?’

लाटणे आणि पोळपाट

आता खाण्याकडे वळू. आधी एक गैरसमज दूर करायला हवा. जगभर ‘स्पॅगेटी बोलोनीझ’ म्हणून जे मिळते ते बोलोन्याची माणसे आपले मानत नाहीत. इथे मांसाचा ‘रागू’ चपट्या, रुंद ‘तालियातेल्ले’वर घालतात. या पट्टीची रुंदी किती असावी, याचीही १९७२ साली व्यापारी मंडळात रीतसर नोंद झाली आहे. शिजल्यावर आठ मिलिमीटर, म्हणजे आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग! खाण्याच्या बाबतीत ही माणसे थट्टाही गंभीरपणे करतात.

चौकाला लागून क्वाद्रिलातेरो नावाचा जुन्या बाजाराचा भाग आहे. अरुंद गल्ल्या, भाज्यांचे ढीग, टांगलेली मांसे, चीजची चाके. इंदूरच्या सराफ्यात रात्री जसा दरवळ आणि दाटी असते, तशी इथे दुपारी. एका दुकानाच्या काचेमागे पांढरी टोपी घातलेली बाई हातभर लांब लाटण्याने पिठाची पोळी लाटत होती. मोठ्या लाकडी फळीवर ती पोळी बघता बघता चादरीएवढी झाली, आणि इतकी पातळ की खालच्या लाकडाच्या रेषा दिसाव्यात. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडे, असे प्रमाण. पाणी नाही. या कामात वाकबगार असलेल्या बायकांना ‘स्फोल्यीना’ म्हणतात आणि शहरात त्यांना मान आहे. आई काचेपाशी दहा मिनिटे उभी होती. ‘कडा बघ,’ ती म्हणाली, ‘कुठेही जाड नाही. पुरणपोळीला बसेल ही बाई.’

शाकाहारी वाचकांना स्पष्ट सांगायला हवे, की रागूमध्ये गोमांस आणि डुकराचे मांस असते. मोर्तादेल्ला हे इथले प्रसिद्ध सॉसेज डुकराच्या मांसाचे. तोर्तेल्लीनी नावाच्या चिमुकल्या करंज्यांत मांस भरलेले असते आणि त्या मांसाच्याच सारात उकळतात. इतकेच काय, क्रेशेंतीने हे पुऱ्यांसारखे फुगणारे प्रकार पुष्कळदा डुकराच्या चरबीत तळतात. पार्मिजानो चीज घट्ट करण्यासाठी वासराच्या पोटातला रेनेट वापरतात, म्हणून कडक शाकाहारी माणसांना तेही चालणार नाही.

मग आईने खाल्ले काय? तोर्तेल्लोनी! या तोर्तेल्लीनीच्या थोरल्या बहिणी. आत पालक आणि रिकोत्ता हे मऊ चीज, वर वितळलेले लोणी आणि सेज नावाच्या पाल्याची चार पाने. आई अंडे खाते. बाबांच्या आजारपणात डॉक्टरांनी घरात आणायला लावले आणि मग तिलाही चालू लागले. रिकोत्ता तरी रेनेटशिवाय होते का, हे तिने विचारले. धाकटीने खरे ते सांगितले, ‘ते चीजच्या निवळीपासून करतात, त्यामुळे पूर्ण सुटका नाही.’ आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘दिसते ते खात नाही, न दिसणाऱ्याचा हिशेब देवाने ठेवावा.’ वरून किसून घालायचे पार्मिजानो मात्र तिने हाताने थोपवले. हा प्रत्येकाने आपापला ठरवायचा प्रश्न आहे. अंडेही न खाणाऱ्यांनी पाकिटातला वाळवलेला पास्ता मागावा. तो बहुधा रवा-पाण्याचा असतो. शिवाय टोमॅटो-लसणीचा ‘मारिनारा’ पिझ्झा चीजशिवायच करतात.

या प्रदेशातल्या चीजमागे भारतीय हातही आहेत. पो नदीच्या मैदानात गोठ्यांमध्ये राबणारे कितीतरी कामगार पंजाबातून आलेले आहेत. बोलोन्यापासून फार दूर नसलेल्या नोव्हेल्लारा गावात २००० साली मोठा गुरुद्वाराही उभा राहिला.

मराठी पावले

आपल्या माणसांची आणखी एक आठवण या मातीत आहे. बोलोन्याच्या पूर्वेला सेनिओ नावाची छोटी नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीने ती ओलांडली. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी एका जखमी सैनिकाला उचलून, पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. परत जाऊन दुसऱ्या जखमी सैनिकालाही आणले. मग शत्रूच्या मशिनगन एकट्याने बंद पाडल्या आणि काठावर चढून मराठ्यांची रणगर्जना करत बाकीच्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर बारा दिवसांनी, २१ एप्रिलला, बोलोन्या मुक्त झाले. नेपच्यूनच्या चौकातल्या भिंतीवर नाझींशी लढताना मेलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांची छायाचित्रे लावलेली आहेत. ती पाहताना आम्हाला हे आठवले. रेल्वेने तासाभराच्या आत असलेल्या फोर्ली या गावी भारतीय सैनिकांची दफनभूमी आणि दहन झालेल्यांचे स्मारक आहे. वेळ असेल तर तिथे चार फुले जरूर वाहावीत.

६६६ कमानी

शहराबाहेरच्या टेकडीवर सान लुकाचे चर्च आहे आणि तिथवर जाणारा पोर्तिको ६६६ कमानींचा, पावणेचार किलोमीटरच्या आसपास लांब आहे. त्याची कथा पावसाचीच. १४३३ साली अतिवृष्टीने पिके जाण्याची वेळ आली. टेकडीवरचे मेरीमातेचे चित्र मिरवणुकीने शहरात आणले आणि पाऊस थांबला, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून दरवर्षी हे चित्र खाली आणतात. मिरवणूक भिजू नये म्हणून १६७४ साली कमानी बांधायला घेतल्या. पैसे श्रीमंतांनी दिले, गरिबांनी दिले, कारागिरांच्या संघांनी दिले. १६७७ साली तर नागरिकांनी रांग करून बांधकामाचे सामान हातोहात वर पोचवले. पंढरीच्या वाटेवर पाणी आणि भाकरी घेऊन उभी राहणारी आपली गावे आठवावीत, तसेच.

वरच्या चर्चला चौकातून पर्यटकांची छोटी गाडी जाते. आम्ही एका दुपारी तिने जाऊन आलो. पण शेवटच्या दिवशी आईने स्वतःच काढले, ‘सपाट आहे तेवढे चालून बघू या.’ सारागोझ्झा वेशीपासून मेलोंचेल्लोच्या कमानीपर्यंतचा सुमारे दीड किलोमीटरचा भाग जवळजवळ सपाट आहे. पाऊस पडतच होता. एका बाजूला घरांची दारे, दुसऱ्या बाजूला खांब आणि खांबांपलीकडे वाहता रस्ता. बाबागाडी ढकलणारी आई, धावायला निघालेला तरुण, काठी टेकत निघालेले आजोबा, सगळे एकाच छताखाली. आई दर शे-दीडशे पावलांनी कठड्यावर टेके. कुणी ‘इथे का बसलात’ म्हणून विचारले नाही. दीड किलोमीटरला आम्हाला सव्वा तास लागला. तीन वर्षांत ती एका दमात एवढी चालली नव्हती.

सगळेच गोड आहे असे मात्र नाही. कितीतरी खांब आणि भिंती रंगाच्या फवाऱ्याने खराब केलेल्या दिसतात. रात्री काही कमानींखाली बेघर माणसे पुठ्ठे अंथरून झोपतात. त्या रात्री परतताना बंद दुकानापुढे एकजण पांघरुणात मुरकुटून पडला होता. धाकटीने आम्हाला हलकेच बाजूने नेले. थोडे पुढे गेल्यावर आई म्हणाली, ‘उघडी जागा ठेवली की हे येणारच. आणि मुलांच्या पावलांचे ठसेही येणार. घाण होते म्हणून बंद करायची, की रोज धुवायची, एवढाच प्रश्न आहे.’

ती इंदूरबद्दल बोलत होती हे आम्हा दोघींना कळले. आम्ही काही बोललो नाही.

जाणार असाल तर

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ चांगला. उन्हाळ्यात उकाडा फार असतो. शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज पुष्कळ आधी करावा. विमानतळावरून स्टेशनला मार्कोनी एक्सप्रेस ही छोटी रेल्वे काही मिनिटांत आणते. मध्यवस्तीत सगळे चालण्याच्या अंतरावर आहे. वाट बहुतेक सपाट, तरी जुन्या फरशीवर सपाट तळव्याचे बूट हवेत. दुपारी अडीचनंतर बऱ्याच खानावळींची स्वयंपाकघरे बंद होतात ती संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उघडतात. मध्ये भूक लागली तर बाजारातली फळे आणि आइस्क्रीमचा इटालियन अवतार जेलातो यांवर भागवावे. पिस्त्याचा जेलातो चुकवू नये. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ म्हणून थोडी रक्कम लागते, ती फसवणूक नव्हे, बसण्याचा रिवाजच आहे. कॉफी काउंटरपाशी उभ्याने घेतली तर स्वस्त पडते. चर्चमध्ये खांदे झाकलेले हवेत. साडीच्या पदराने आईचे काम सोपे केले.

परतल्यावर

इंदूरला पोचलो तेव्हा ग्रिल तयार होऊन अंगणात आले होते. दादा म्हणाला, ‘उद्या माणसे बसवायला येतील.’ आईने चहा घेतला, ओट्यावर जाऊन आली आणि म्हणाली, ‘वरच्या गॅलरीला लाव ते. ओटा राहू दे.’

‘आणि स्कूटर?’

‘स्कूटर नकोत. पायरीपाशी दोन दगडी खांब रोव, स्कूटर चढणार नाही, माणूस चढेल.’

माप वेगळे असल्याने ग्रिल कापून घ्यावे लागले आणि त्याचे जास्तीचे पैसे गेले. आईने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. आता ती रोज सकाळी बादली आणि लांब दांड्याचा ब्रश घेऊन ओटा धुते. गुडघे दुखले की मध्येच त्याच ओट्यावर बसते. भाजीवाली पुन्हा दुपारी टेकू लागली आहे. गुटख्याच्या पुड्या अजून पडतात. आई त्या उचलते, टाकणाऱ्याला दिसला तर चार शब्द सुनावते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटा धुवायला घेते.